हृदयविकाराच्या झटक्यावर संशोधन : सुरुवात करणाऱ्या डॉक्टरांसाठी

बंद झालेल्या हृदयधमनीत बारीक नळी घालून गुठळी ओढून घेतली, पडद्यावर रक्त पुन्हा धावताना दिसलं, की उपचार लागू पडला याबद्दल कॅथलॅबमधल्या कुणालाच शंका उरत नाही. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या एका केंद्राने १,०७१ रुग्णांवर केलेली टापास ही ट्रायलही तेच सांगत होती. गुठळी ओढून घेतलेल्या रुग्णांच्या हृदयस्नायूत रक्त अधिक चांगलं पोचत होतं आणि वर्षभरानंतर त्यांच्यातले मृत्यूही कमी दिसत होते. या नळ्या सर्रास वापरात आल्या. मग २०१३ मध्ये स्वीडनच्या रजिस्ट्रीच्या (हृदयरुग्णांच्या देशव्यापी नोंदवहीच्या) आधाराने केलेली ७,२४४ रुग्णांची ‘टेस्ट’ ट्रायल प्रसिद्ध झाली. तिथे ३० दिवसांतले मृत्यू २.८ टक्के विरुद्ध ३.० टक्के होते, म्हणजे फरक नाहीच. २०१५ मध्ये १०,७३२ रुग्णांच्या ‘टोटल’ ट्रायलनेही फायदा दाखवला नाही. उलट गुठळी ओढलेल्या गटात ३० दिवसांत पक्षाघात ०.७ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्या गटात ०.३ टक्के.

गुठळी खरोखर निघत होती, रक्तप्रवाह खरोखर सुधारत होता, पण त्याने माणसं जास्त जगत नव्हती. हार्ट अटॅकच्या उपचारांवर काम करायचं म्हणजे वर्षानुवर्षं या दोन गोष्टींमधलं अंतर मोजत राहायचं. हृदयरोगाचं प्रशिक्षण घेत असलेल्या किंवा नुकतंच संपवलेल्या आणि संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या डॉक्टरांनी कुठून सुरुवात करावी, कशात फसगत होते आणि का, ते पुढे लिहिलं आहे.

पाया : दोन जुने प्रयोग आणि एक व्याख्या

धमनी गुठळीमुळेच बंद होते, की स्नायू मेल्यानंतर गुठळी मागाहून तयार होते, यावर १९७० च्या दशकातही वाद होता. १९८० मध्ये डीवूड आणि सहकाऱ्यांनी झटक्याच्या पहिल्या काही तासांतच अँजिओग्राफी केली, आणि हे करणं तेव्हा धाडसाचं होतं. पहिल्या ४ तासांत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची धमनी पूर्ण बंद होती, म्हणजे ८७ टक्के. १२ ते २४ तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आलं होतं. वाद मिटला आणि गुठळी विरघळवण्याच्या उपचारांना भक्कम आधार मिळाला. त्याआधी १९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं, की धमनी बंद झाल्यावर स्नायू एकदम मरत नाही. मरण आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे सरकत जातं. ४० मिनिटांनी धमनी उघडली तर बराच स्नायू वाचतो, ३ तासांनी कमी, ६ तासांनी फारच थोडा. ‘वेळ म्हणजे स्नायू’ हे जे आपण रोज म्हणतो, त्याचा उगम इथे आहे. हे दोन्ही मूळ लेख सारांशावर न भागवता पूर्ण वाचावेत. पद्धत कशी लिहायची याचाही तो धडा आहे.

तिसरी गोष्ट व्याख्येची. २०१८ च्या चौथ्या सार्वत्रिक व्याख्येप्रमाणे नुसतं ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलं म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. ते निरोगी लोकांच्या ९९ व्या पर्सेंटाइलच्या वर हवं, त्यात चढ किंवा उतार दिसायला हवा, आणि जोडीला रक्तपुरवठा कमी पडल्याचा पुरावा हवा. लक्षणं, इसीजीतले बदल, इमेजिंग किंवा प्रत्यक्ष दिसलेली गुठळी, यांपैकी काहीतरी. टाइप १ म्हणजे धमनीतला थर फाटून वा झिजून गुठळी होणं. टाइप २ म्हणजे मागणी आणि पुरवठा यांचं गणित बिघडणं, जसं जंतुसंसर्गात, रक्तस्रावात किंवा बेसुमार वाढलेल्या ठोक्यांत होतं. जुन्या फायलींमधून ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ हा कोड शोधून यादी काढली की हे दोन्ही प्रकार एकाच पोत्यात येतात. त्यांचे उपचार वेगळे, वयोगट वेगळे, मृत्यूची कारणंही वेगळी. यादी हातात आल्यावर प्रत्येक रुग्णाचा इसीजी आणि ट्रोपोनिनचे आकडे स्वतः पाहून वर्गवारी करायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही. इसीजीवर एसटी (ठोक्याच्या आलेखातला एक भाग) किती उचललेला धरायचा याचेही आकडे ठरलेले आहेत. बहुतेक लीडमध्ये १ मिलिमीटर पुरतो. व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये मात्र ४० आणि त्यापुढच्या पुरुषांना २, त्याहून तरुण पुरुषांना २.५ आणि स्त्रियांना १.५ मिलिमीटर लागतो. हा फरक पाळला नाही तर तरुण निरोगी पुरुष अभ्यासात घुसतात आणि आजारी स्त्रिया बाहेर राहतात.

प्रश्न किती मोठा, आणि रुग्ण किती हवेत

नवख्या संशोधकाचा सर्वांत नेहमीचा घोटाळा इथे होतो. एखाद्या औषधाने मृत्यू कमी होतात का, असा प्रश्न घेतला जातो आणि एका केंद्रात दोनशे रुग्णांवर अभ्यास सुरू होतो. शंभर-शंभरच्या दोन गटांत १० आणि ८ मृत्यू झाले, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. गणित कागदावर करून पाहा. मृत्यूचं प्रमाण १० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येईल अशी अपेक्षा आहे, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के आणि पी व्हॅल्यूची (फरक नसताना योगायोगाने तो दिसण्याच्या शक्यतेची) मर्यादा ०.०५ धरली, तर प्रत्येक गटात साधारण ३,२०० रुग्ण लागतात. आता उपचार सुधारले म्हणून मूळ मृत्यूदरच ५ टक्के झाला आणि तुम्हाला तो ४ वर आणायचा आहे, तर प्रत्येक गटात ६,७०० हून जास्त. सापेक्ष फायदा दोन्हीकडे तोच, २० टक्के. रुग्णांची गरज मात्र दुपटीहून अधिक. जुन्या यशामुळे नवं यश सिद्ध करणं महाग होत गेलं आहे, हे या क्षेत्राचं वास्तव आहे.

त्यात ठरलेल्या गटाचा उपचार सोडून दुसऱ्या गटाचा उपचार घेणारे १० टक्के रुग्ण धरले, तर फरक फिका पडतो आणि संख्या आणखी जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढवावी लागते. (मूळ संख्येला ०.९ च्या वर्गाने भागायचं.) हे गणित प्रोटोकॉल लिहितानाच संख्याशास्त्रज्ञासोबत बसून करायचं असतं. माहिती गोळा झाल्यावर त्यांच्याकडे गेलात तर अभ्यास का फसला एवढंच त्यांना सांगता येतं.

मग एका केंद्रातल्या तरुण डॉक्टरने काय करावं? माझ्या मते मृत्यूचा प्रश्न मोठ्या गटांवर सोडावा आणि आपल्याला पुरेसा ठरेल असा प्रश्न निवडावा : निदानाला उशीर नेमका कोणत्या टप्प्यावर होतो, कोणते इसीजी वाचताना चुका होतात, गुठळी विरघळवणारं औषध दिल्यावर धमनी उघडली नाही हे किती लवकर ओळखता येतं. असे प्रश्न लहान नाहीत. त्यांची उत्तरं शे-पाचशे रुग्णांत मिळतात आणि उद्याच्या ड्युटीवर उपयोगी पडतात.

पहिला अभ्यास : जुन्या फायली, आणि तीन घड्याळं

बहुतेकांचा पहिला अभ्यास मागील नोंदींवरचा असतो, आणि तसा असायला हरकत नाही. त्यात काय बिघडतं ते मात्र नीट ठाऊक हवं.

पहिलं म्हणजे वेळा. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या इसीजी यंत्राचं घड्याळ वेगळं, नोंदणीच्या संगणकाचं वेगळं, कॅथलॅबच्या यंत्रणेचं आणखी वेगळं. त्यांच्यात पाच-सात मिनिटांचा फरक सहज असतो आणि तुम्ही तर दहा मिनिटांच्या सुधारणेवर लेख लिहायला निघालेले असता. पुढे जाणारा अभ्यास असेल तर दर महिन्याला तिन्ही घड्याळं एकमेकांशी ताडून फरक लिहून ठेवावा. मागील नोंदी असतील तर तिन्ही यंत्रांतल्या वेळा मिसळून एक अंतर काढू नये. शक्यतो एकाच यंत्रातल्या दोन वेळा घ्याव्यात. नोंदींमध्ये उणे मिनिटं निघाली, म्हणजे धमनी आधी उघडली आणि रुग्ण नंतर आला असं दिसलं, तर त्या नोंदी गुपचूप पुसायच्या नाहीत. अशा किती निघाल्या ते लेखात लिहायचं.

वेळ कुठून कुठपर्यंत मोजली हेही स्पष्ट हवं. जुने अभ्यास रुग्णालयाच्या दारापासून धमनीत फुगा फुगवेपर्यंतची वेळ धरतात. युरोपच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी इसीजीवर निदान झाल्याचा क्षण शून्य मानला आणि शेवटचा क्षण म्हणून वायर गुठळीपलीकडे जाण्याची वेळ धरली. दोन व्याख्यांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवले की तुलना खोटी ठरते. वेदना कधी सुरू झाली, ही तर सगळ्यांत कच्ची वेळ. लोक ‘पाच वाजता’, ‘साडेपाचला’ असं सांगतात, पाच वाजून अठरा मिनिटं कुणी सांगत नाही. झोपेतून वेदनेने जाग आली तर सुरुवात कधीची? वेदना येऊन-जाऊन होती तर? प्रत्येकासाठी नियम आधी लिहून ठेवावा, आणि हे आकडे गोल असतात हे मान्य करून दोन-तीन तासांचे टप्पे पाडावेत.

वेळेचा अर्थ लावताना होणारी एक चूक फार बोधप्रद आहे. अमेरिकेत २००५ ते २००९ या काळातल्या ९६,७३८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दारापासून फुग्यापर्यंतची मध्यम वेळ ८३ मिनिटांवरून ६७ वर आली होती, पण रुग्णालयातले मृत्यू ४.८ वरून ४.७ टक्के एवढेच हलले. वेळेला महत्त्व नाही, असा निष्कर्ष यातून काढणं सोपं होतं. पुढच्या विश्लेषणात दिसलं, की कोणत्याही एका वर्षात ज्यांना लवकर उपचार मिळाले ते जास्त वाचत होते. पण दरम्यान प्रायमरी अँजिओप्लास्टीसाठी (गुठळी विरघळवणाऱ्या औषधाऐवजी थेट फुग्याने धमनी उघडून घेण्यासाठी) येणाऱ्या रुग्णांचा समूहच बदलत गेला होता, आणि समूहाचा एकूण मृत्यूदर त्यामुळे खाली आला नव्हता. समूहाची सरासरी आणि एका रुग्णाचं नशीब या दोन गोष्टी वेगळ्या असतात. शिवाय दार ओलांडायच्या आधी गेलेले तास या मोजणीत येतच नाहीत.

दुसरं संकट म्हणजे ‘जगले म्हणून मिळाले’. डिस्चार्जच्या वेळी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) मिळालेल्या रुग्णांची तुलना न मिळालेल्यांशी करायची आणि दिवस मोजायचे दाखल झाल्यापासून, हे सर्रास होतं. स्टॅटिन मिळण्यासाठी रुग्णाला डिस्चार्जपर्यंत जिवंत राहावं लागलं. पहिल्या दोन दिवसांत दगावलेले सगळे आपोआप ‘न मिळालेल्या’ गटात पडले, आणि औषध चमत्कारी दिसू लागलं. उपाय सोपा आहे. मोजणी डिस्चार्जच्या दिवसापासून सुरू करायची आणि त्या दिवशी जिवंत असलेल्यांनाच घ्यायचं.

तिसरं, उपचार कुणाला मिळतो यामागे डॉक्टरचा निर्णय असतो. शॉकमधल्या ज्या रुग्णाला हृदयाला मदत करणारा पंप लावला तो बहुधा जास्त आजारी होता. ज्याची अँजिओग्राफी केली तो बहुधा तरुण आणि कमी गुंतागुंतीचा होता. प्रोपेन्सिटी स्कोअरने (रुग्णाला तो उपचार मिळण्याची शक्यता किती होती, या आकड्याने) नोंदवलेले फरक जुळवता येतात, पण डॉक्टरने रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून जे ताडलं ते कोणत्याच रकान्यात नसतं. म्हणून नोंदींवरच्या अभ्यासात ‘या उपचाराने मृत्यू कमी होतात’ असं वाक्य लिहू नये. विश्लेषणात किती घटक घालायचे त्याचा जुना ढोबळ नियम म्हणजे दहा घटनांमागे एक. ६० मृत्यू असतील तर सहाच्या आसपास घटक. वीस घातले तर गणित चालतं, उत्तर मात्र त्या एका यादीपुरतंच खरं असतं.

बाकीचं थोडक्यात. माहिती काढायच्या आधी प्रत्येक रकान्याची व्याख्या लिहिलेली यादी करावी. किमान दहा टक्के फायली दोघांनी स्वतंत्रपणे वाचून उत्तरं जुळतात का ते पाहावं. अभ्यासाच्या काळात प्रयोगशाळेने ट्रोपोनिनची पद्धत बदलली का, हे विचारावं, कारण बदलली असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र करता येत नाहीत. दुसरीकडे हलवलेल्या आणि फोनवर न सापडणाऱ्या रुग्णांचा पाठपुरावा सोडू नये. न सापडणाऱ्यांत मृतांचं प्रमाण जास्त असण्याचा संभव असतो, आणि त्यांना वगळलं की मृत्यूदर खोटा कमी दिसतो.

प्रयोगशाळेकडे वळणाऱ्यांसाठी

१९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांची धमनी आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा बंद करून उघडली आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली. मृत भाग एरवीच्या एक चतुर्थांशच निघाला. स्नायू स्वतःला वाचवू शकतो, हे कळल्यावर त्या शक्तीला जागं करणाऱ्या औषधाचा शोध सुरू झाला. प्राण्यांमध्ये डझनावारी उपाय यशस्वी झाले, माणसात जवळजवळ सगळे हरले. सायक्लोस्पोरिन हे औषध २००८ मध्ये ५८ रुग्णांच्या अभ्यासात आशादायक ठरलं आणि २०१५ मध्ये ९७० रुग्णांत निष्प्रभ. दंडाला पट्टा बांधून तो पाच मिनिटं फुगवायचा, पाच मिनिटं सोडायचा, असं चार वेळा, ही बिनखर्चाची युक्ती २०१९ मध्ये ५,४०१ रुग्णांवर तपासली गेली. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं पट्टा बांधलेल्यांत ९.४ टक्के, न बांधलेल्यांत ८.६ टक्के.

असं का होतं, याची काही कारणं प्रयोगाच्या टेबलावरच सापडतात. प्राणी तरुण आणि निरोगी असतो. रुग्ण साठीतला, मधुमेही, स्टॅटिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा असतो. त्यातल्या काही गोळ्या, विशेषतः प्लेटलेट एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पी-टू-वाय-ट्वेल्व्ह गटातल्या, प्राण्यांमध्ये स्वतःच स्नायू वाचवतात, मग नव्या औषधाला वाचवायला उरतं काय? भुलीचा आयसोफ्लुरेन हा वायूही स्नायूचं रक्षण करतो. प्राण्याचं तापमान एखाद-दोन अंशांनी उतरलं तरी मृत भाग लहान दिसतो, म्हणून ते सतत मोजून कायम ठेवावं लागतं. कुत्र्याच्या हृदयात पर्यायी रक्तवाहिन्या भरपूर आणि माणसामाणसांत असतो तसाच कुत्र्याकुत्र्यांतही फरक मोठा. डुकरात त्या जवळजवळ नसतात, म्हणून डुकराचा मृत भाग लवकर वाढतो आणि व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनने बरेच प्राणी प्रयोगातच जातात.

मृत भाग मोजताना इव्हान्स ब्लू या रंगाने धोक्याबाहेरचा (बंद केलेल्या धमनीवर न अवलंबणारा) भाग निळा करायचा, मग काप टीटीसी या रंग देणाऱ्या रसायनाच्या द्रावणात ३७ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवायचे. जिवंत स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिका राहतो. धमनी उघडल्यावर किमान दोन तास थांबलं नाही तर रंग भरवशाचा येत नाही. मृत भाग संपूर्ण व्हेंट्रिकलच्या प्रमाणात सांगू नये, धोक्यातल्या भागाच्या प्रमाणात सांगावा. नाहीतर धमनी बंद करायचा दोरा थोडा खाली बांधला म्हणूनही औषध यशस्वी ठरेल. कोणता प्राणी कोणत्या कारणाने वगळायचा हे आधी लिहावं, गट चिठ्ठीने पाडावेत आणि काप मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. हे तीन नियम पाळले नाहीत तर प्रयोग माणसापर्यंत नेण्यात अर्थ नाही.

मधले मापदंड

मृत्यूऐवजी दुसरं काहीतरी मोजलं की कमी रुग्ण लागतात. एसटी किती खाली आला हे ६० ते ९० मिनिटांच्या इसीजीवर पाहणं स्वस्त आणि उपयोगी. किती टक्के उतार म्हणजे यश, ५० की ७०, ते मात्र आधी ठरवून ठेवायचं. एमआरआयवर मृत भागाचा आकार मोजणं हे सगळ्यांत विश्वासाचं. दहा ट्रायलमधल्या २,६३२ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात व्हेंट्रिकलच्या प्रत्येक ५ टक्के जास्तीच्या मृत भागामागे वर्षभरातल्या मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पण स्कॅन पहिल्याच दिवशी केला तर सुजेमुळे मृत भाग मोठा वाटतो आणि पुढच्या आठवड्यांत तो आपोआप आक्रसतो. एका गटाचा स्कॅन दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्याचा आठव्या दिवशी झाला तर दिसणारा फरक कॅलेंडरचा असतो. तिसरा ते सातवा दिवस ही खिडकी ठरवून घट्ट पाळावी. सर्वांत आजारी रुग्ण आडवे पडून श्वास रोखू शकत नाहीत, काहींना मूत्रपिंडामुळे गॅडोलिनियम (स्कॅनसाठी शिरेतून टोचायचं द्रव्य) देताना विचार करावा लागतो. त्यामुळे गाळले गेलेले स्कॅन बहुधा मोठ्या झटक्यांचेच असतात. दोन्ही गटांत किती स्कॅन झाले नाहीत, आणि का, हे लेखाच्या पहिल्या तक्त्यात द्यावं.

मापदंडावर किती विसंबायचं, याची सीमा कास्ट ट्रायलने आखून दिली. झटक्यानंतर जास्तीचे ठोके असणारे रुग्ण जास्त मरतात हे माहीत होतं, फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं हे ठोके छान दाबत होती. १,४९८ रुग्णांत सरासरी दहा महिन्यांनंतर औषधाच्या गटात ६३ मृत्यू झाले, प्लासिबोच्या गटात २६. ठोके दबले होते, आणि माणसं औषधानेच मेली होती.

ट्रायलमध्ये उतरताना

बहुतेक जण ट्रायलमध्ये आधी स्थानिक संशोधक म्हणून येतात, आणि शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. पहिली अडचण संमतीची. छातीत कळ असलेल्या, मॉर्फिन दिलेल्या माणसाला बारा पानं वाचायला देणं ही संमती नव्हे. ‘टेस्ट’ ट्रायलने आधी तोंडी संमती घेतली आणि २४ तासांत लेखी. काही ट्रायलने, उदाहरणार्थ २०१४ च्या हीट-पीपीसीआयने, उपचारानंतर संमती घेण्याची रीत एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घेतली. कोणती रीत चालेल ते आपल्या देशाच्या नियमांवर आणि उपचार किती नवा आहे यावर ठरतं. कमिटीकडे जाताना त्या पाच मिनिटांत रुग्णाला नेमकी कोणती वाक्यं सांगणार, ती लिहूनच न्यावीत.

गट ठरवण्याचा क्षण शक्य तितका उशिरा ठेवावा. प्रश्न स्टेंटचा असेल तर अँजिओग्राफी पाहिल्यावर. आधीच ठरवला तर धमनी बंद नसलेले, ताकोत्सुबो (धमनी बंद न होता हृदय तात्पुरतं दुबळं होणं) निघालेले, सर्जरीला गेलेले सगळे मोजणीत राहतात आणि फरक फिका होतो. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये द्यायच्या औषधाला मात्र हा पर्याय नाही. तिथे चुकीच्या निदानाचे रुग्णही त्यांच्या मूळ गटातच मोजायचे, हे सॅम्पल साइजमध्ये आधी धरायचं. गट पाकिटात बंद करून ठेवण्यापेक्षा वेबवरून मिळावा. पाकीट उजेडात धरता येतं आणि रुग्ण पाहून पुढचं पाकीट उचलता येतं. डॉक्टरला उपचार लपवता येत नसेल तरी घटना ठरवणाऱ्या समितीला गट कळता कामा नये.

साधेपणा किती दूर नेतो हे १९८८ च्या आयसिस-२ ट्रायलकडे पाहून कळतं. ४१७ रुग्णालयं, १७,१८७ रुग्ण, एका तासात स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची १५ लाख युनिटं, महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, आणि अगदी छोटे फॉर्म. दोन्ही औषधं मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू ८.० टक्के, एकही न मिळालेल्यांत १३.२ टक्के. याच लेखात संशोधकांनी मुद्दाम राशींप्रमाणे गट पाडून दाखवलं, की मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनने किंचित तोटाच होतो. रुग्णांचे तुकडे पाडत गेलं की कुठेतरी असं काहीतरी निघतंच. मधुमेही, स्त्रिया, सत्तरीपुढचे अशा गटांचे निकाल वाचताना हे आठवावं. आपले उपगट ट्रायलच्या नोंदणीतच जाहीर करावेत, आणि ती नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी व्हायला हवी. नामांकित नियतकालिकांनी २००५ पासून ही अट घातली आहे.

सुरक्षा समितीचं काम औपचारिक नसतं. स्ट्रीम ट्रायलमध्ये टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध मिळालेल्या वृद्धांत मेंदूतला रक्तस्राव वाढलेला दिसला, तेव्हा ७५ आणि त्यापुढच्या रुग्णांचा डोस मध्येच निम्मा केला गेला. आणि शॉकवरच्या ट्रायलमध्ये उतरत असाल तर धीर लागतो. हृदयात बसवायच्या सूक्ष्म पंपावरची डेंजर ट्रायल २०१३ मध्ये सुरू झाली, ३६० रुग्ण मिळायला दहा वर्षं गेली. २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा १८० दिवसांतले मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आलेले दिसले, पण रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं आणि डायलिसिसची गरज हे सगळं पंपाच्या गटात जास्त होतं. घेतले न गेलेल्या रुग्णांची नोंदवही अशा ट्रायलमध्ये सोन्याची असते. बेशुद्धावस्थेतले रुग्ण या ट्रायलमध्ये घेतले नव्हते, हे विसरून पंप सरसकट लावणं चुकीचं ठरेल.

रोजचं काम

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या लेखांची संख्या पाहू नका. त्यांच्या हाताखालचे किती जण पहिले लेखक झाले, आणि ट्रायलच्या नोंदवहीत त्यांनी सुरू केलेले किती अभ्यास पूर्ण होऊन प्रसिद्ध झाले, ते पाहा. दोन्ही गोष्टी तासाभरात शोधता येतात. लेखकांचा क्रम काम सुरू होतानाच लिहून ठेवा. पुढे वाईटपणा येतो तो यावरूनच.

आठवड्यातला एक सलग दिवस संशोधनाला मिळावा, हे लेखी ठरवून घ्या. रोजचा एक तास ड्युटीत विरून जातो. मागील नोंदींवरच्या साध्या अभ्यासालाही प्रोटोकॉल आणि मंजुरीचे तीन महिने, माहितीचे चार-पाच, विश्लेषण आणि लेखनाचे चार-पाच, असं वर्ष धरा. आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरपैकी एक शिका आणि विश्लेषणाची प्रत्येक पायरी कोडमध्ये ठेवा. एक्सेलमध्ये हाताने बदललेला रकाना सहा महिन्यांनी कुणालाच समजत नाही. स्ट्रोब, कॉन्सॉर्ट किंवा अराइव्हची यादी (नोंदींवरच्या अभ्यासाच्या, ट्रायलच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या लेखात काय काय द्यायचं ते सांगणारी) लेख लिहिताना नको, प्रोटोकॉल लिहितानाच समोर ठेवा.

फायदा नाही असा निकाल आला तरी लेख पूर्ण करावा. २०१७ मध्ये ६,६२९ रुग्णांच्या स्वीडिश ट्रायलने दाखवलं, की ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा आहे त्यांना मास्क लावून वर्षभरातले मृत्यू कमी होत नाहीत : ५.० टक्के विरुद्ध ५.१. कित्येक दशकांची सवय त्या एका ‘नाही’ने बदलली. रजिस्ट्रीतच चिठ्ठी टाकून केलेली ही ट्रायल होती. आज तरुण डॉक्टरला मोठ्या प्रश्नावर काम करायचं असेल तर याच वाटेने जावं, असं मला ठामपणे वाटतं, कारण पाठपुरावा रजिस्ट्री करते आणि खर्च फार कमी येतो.

अजून उघडे असलेले प्रश्न

कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या औषधाने २०१९ मध्ये ४,७४५ रुग्णांत फायदा दाखवला आणि २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांत नाही. दोन्ही निकालांचा मेळ कसा घालायचा? हृदयाचं पंपिंग चांगलं असलेल्या रुग्णांना बीटा ब्लॉकर (ठोके आणि रक्तदाब कमी करणारी औषधं) द्यावेत का, यावर २०२४ मध्ये ५,०२० रुग्णांच्या ट्रायलने ‘फायदा नाही’ सांगितलं, आणि २०२५ मधल्या दोन मोठ्या ट्रायलचे निकाल एकमेकींशी जुळले नाहीत. इसीजीवर एसटी पुरेसा न उचलताही धमनी पूर्ण बंद असलेले रुग्ण कसे हेरायचे, हा प्रश्न एका केंद्रातही हाताळता येतो. धमन्या मोकळ्या असूनही झटका येणाऱ्यांचं, ज्यांत स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे, नेमकं कारण शोधण्याचंही तसंच.

आणि अँजिओप्लास्टी वेळेत मिळू न शकणाऱ्या वृद्धांचा प्रश्न. २०२३ मध्ये आलेल्या स्ट्रीम-२ ने साठी ओलांडलेल्या ६०४ रुग्णांत टेनेक्टेप्लेजचा निम्मा डोस तपासला. औषधाच्या गटात सहा जणांना मेंदूत रक्तस्राव झाला, आणि त्यांपैकी तिघांच्या बाबतीत प्रोटोकॉल पाळला गेला नव्हता : दोघांना रक्त पातळ करणारं औषध जास्त दिलं गेलं, एकाचा रक्तदाब आटोक्यात नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये वजन, रक्तदाब आणि हेपॅरिनचा डोस सुई टोचण्याआधी कसा पडताळायचा, यावर नीट अभ्यास करायला एक केंद्र, दोन-तीन अ‍ॅम्ब्युलन्स आणि वर्षभराचा काळ पुरतो.